सोबत्यांचा प्रणय व त्याचे निर्बंध

नायकानें कोणावर प्रेम करावें आणि कोणावर करूं नये, हा प्रश्न साहित्याइतकाच जुना आहे. कण्वाच्या आश्रमांत शकुंतलेला पाहिल्यावर दुष्यंताच्या मनांत येणारा पहिला विचार तिच्या रूपाचा असला, तरी त्यापाठोपाठ ती क्षत्रियानें वरण्याजोगी आहे किंवा नाहीं ही शंका येतेच. आणि त्या शंकेचें निरसन झाल्यावांचून कालिदास त्या दोघांचा प्रणय पुढें जाऊं देत नाहीं. कच-देवयानीची तर सगळी कथाच एका नकारावर उभी आहे. तेव्हां हाच प्रश्न आज एका अगदीं नव्या कलाप्रकारांत नव्या रूपानें पुढें आला असेल, तर त्याचा परामर्श घेणें साहित्याच्या मासिकाला कमीपणाचें वाटण्याचें कारण नाहीं. आम्ही बोलत आहों तें संगणकावर खेळल्या जाणाऱ्या अद्भुतरम्य भूमिका-खेळांविषयीं, आणि त्या खेळांत नायकाच्या सोबत्यांशीं होऊं शकणाऱ्या प्रणयावर खेळकर्त्यांनीं घातलेल्या निर्बंधांविषयीं.

कांहीं वाचकांच्या कपाळाला येथेंच आठी पडेल. परंतु कादंबरी वाचणें हें एके काळीं आपल्याकडे मुलाबाळांना बिघडविण्याचें साधन समजत असत, आणि संगीत नाटकांचीं पारायणें करणाऱ्या तरुणांविषयीं वडीलधारी मंडळी काय बोलत, हें आमच्या पिढीनें आपल्या आजोबांच्या तोंडून ऐकलें आहे. कादंबरी आणि नाटक आज अभ्यासक्रमांत जाऊन बसलीं आहेत. या खेळांचें तसें होईल किंवा नाहीं याविषयीं आम्ही भविष्य वर्तवीत नाहीं. मात्र आमच्या वर्गांत बसणाऱ्या मुलामुलींपैकीं ज्यांनीं एकही मोठी कादंबरी अखेरपर्यंत वाचलेली नाहीं, त्यांतील कित्येकांनीं या खेळांतील पात्रांच्या सहवासांत शंभर शंभर तास घालविलेले असतात, आणि त्या पात्रांविषयीं तीं तावातावानें वाद घालतात. ज्या ठिकाणीं तरुणांची कल्पनाशक्ति इतकी गुंतली आहे, त्या ठिकाणीं टीकाकारानें पाठ फिरवून बसणें बरें नव्हे.

ज्यांनीं हे खेळ पाहिले नाहींत त्यांच्यासाठीं थोडें विवेचन अवश्य आहे. खेळणारा आपला नायक प्रारंभीं स्वतः घडवितो. तो पुरुष असावा कीं स्त्री, मनुष्य असावा कीं एल्फ, ड्वार्फ यांसारख्या कल्पित वंशांतला, योद्धा असावा कीं मांत्रिक, हें सर्व त्याच्या इच्छेवर अवलंबून असतें. पुढें प्रवासांत त्याला सोबती भेटतात. हे सोबती मात्र खेळकर्त्यांनीं निर्माण केलेले असतात. त्यांना गतायुष्य असतें, श्रद्धा असतात, खोडी असतात. संभाषणाच्या वेळीं पडद्यावर तीन-चार वाक्यें येतात, त्यांतलें एक निवडावयाचें. त्या निवडीनुसार सोबत्याची मर्जी वाढते किंवा उतरते, आणि मर्जी पुरेशी वाढली म्हणजे कांहीं सोबत्यांच्या बाबतींत स्नेहाचें पर्यवसान प्रणयांत होऊं शकतें. होऊं शकतें असें आम्ही मुद्दाम म्हणतों. कारण कांहीं सोबती केवळ स्त्री-नायिकेलाच वश होतात, कांहीं केवळ पुरुषाला, कांहीं विशिष्ट वंशाच्या व्यक्तीलाच, आणि कांहीं कोणालाही होत नाहींत. यालाच प्रणयाचे निर्बंध म्हणतात, आणि हे असावेत कीं नसावेत यावर खेळणाऱ्यांत दोन तट पडलेले आहेत.

या निर्बंधांचा इतिहास फार लांबचा नाहीं. कॅनडांतील बायोवेअर या संस्थेनें इ. स. २००० मध्यें 'बाल्डर्स गेट'चा दुसरा भाग प्रसिद्ध केला, तेव्हां त्यांत पुरुष-नायकासाठीं एरी, जहीरा व व्हिकोनिया अशा तीन प्रणयिनी होत्या. स्त्री-नायिकेसाठीं मात्र अनोमेन नांवाचा एकच उमेदवार सरदार होता. समलिंगी प्रेमाला त्यांत मुळींच वाव नव्हता, आणि नायकाचा वंश कोणता हेंही पाहिलें जात असे. त्याच संस्थेच्या 'ड्रॅगन एज : ओरिजिन्स' (२००९) या खेळांत चार प्रणयी सोबती आले, अ‍ॅलिस्टर केवळ स्त्रीसाठीं, मॉरिगन केवळ पुरुषासाठीं, आणि लेलियाना व झेव्हरन दोघांसाठींही. २०११ सालच्या दुसऱ्या भागांत मूळच्या चारही प्रणयी सोबत्यांना नायक पुरुष असो वा स्त्री, सारखाच चालूं लागला. २०१४ सालच्या 'इन्क्विझिशन'मध्यें लंबक पुन्हां उलट्या बाजूला गेला आणि निर्बंध परत आले. पुढें बेल्जममधील लॅरियन या संस्थेनें २०२३ सालीं 'बाल्डर्स गेट'चा तिसरा भाग काढला, त्यांत नायकाचें लिंग वा वंश यांवर प्रमुख सोबत्यांच्या प्रणयाचें कांहींच अवलंबून ठेवलें नाहीं. आणि २०२४ सालच्या 'व्हेलगार्ड' या 'ड्रॅगन एज'च्या चौथ्या भागांत सातही सोबती सर्वांना खुले झाले. म्हणजे पाव शतकांत ही कला निर्बंधाकडून मोकळीकीकडे, मोकळीकीकडून निर्बंधाकडे, आणि पुन्हां मोकळीकीकडे गेली आहे. इतक्या वेळां मत बदलावें लागतें त्या अर्थीं प्रश्नाचें मूळ कोणाच्या हातीं नीटसें लागलेलें नाहीं, असें समजण्यास हरकत नाहीं.

आमच्या मतें घोटाळा होतो तो 'निर्बंध' या एकाच शब्दाखालीं तीन निरनिराळ्या गोष्टी गोळा केल्यामुळें. पहिला प्रकार, ज्याचें कथेंत कांहींच कारण सांपडत नाहीं असा निर्बंध. दुसरा, पात्राच्या स्वभावांतून निघालेला. आणि तिसरा, कथेंतील परिस्थितीमुळें आलेला. या तिहींचा विचार वेगवेगळा केला पाहिजे.

पहिल्या प्रकाराची वकिली आम्ही करणार नाहीं. पुरुषाला तीन आणि स्त्रीला एक, ही वांटणी 'बाल्डर्स गेट'च्या कथेंतील कोणत्याही घटनेनें आवश्यक केलेली नव्हती. खेळणारा पुरुषच असणार आणि त्याची आवड अमुकच असणार, हें त्या वेळीं गृहीत धरलें गेलें होतें, एवढेंच तिचें स्पष्टीकरण. 'इन्क्विझिशन'मधील कलन हा सेनापति मनुष्य व एल्फ स्त्रियांवर प्रेम करतो, परंतु ड्वार्फ व क्वुनारी स्त्रियांना त्याचें दार बंद असतें. आणि त्याच्या स्वभावांत किंवा पूर्ववृत्तांत असें कांहींच नाहीं कीं ज्यामुळें हें दार बंद असावें हें आपल्याला पटावें. वंश पाहून उघडणारें आणि कारण न सांगतां मिटणारें हें दार आपल्या वर्तमानपत्रांतील विवाहविषयक जाहिराती वाचणाऱ्या वाचकाला अपरिचित वाटणार नाहीं. अशा ठिकाणीं खेळणाऱ्याला अपमान झाल्यासारखें वाटलें तर तो हळवेपणा नव्हे. कलेच्या दृष्टीनेंही त्याची तक्रार रास्त आहे. संभाव्यता आणि अपरिहार्यता हे अ‍ॅरिस्टॉटलनें कथानकाला लावलेले दोन निकष या निर्बंधाला लावून पाहतां तो एकालाही उतरत नाहीं.

निर्बंध नकोत म्हणणाऱ्यांचा पक्ष याहून अधिक खोल जातो, आणि तो पुऱ्या बळानें मांडला पाहिजे. ते म्हणतात, ज्या तरुणाला घरांत, शाळेंत, समाजांत आपलें प्रेम बोलून दाखवितां येत नाहीं, त्याला निदान कल्पनेच्या राज्यांत तरी मज्जाव कां असावा? भारतांत प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारें कलम सर्वोच्च न्यायालयानें ६ सप्टेंबर २०१८ रोजीं त्यापुरतें रद्द केलें, आणि अशा विवाहांना मान्यता देण्याचें १७ ऑक्टोबर २०२३ रोजीं नाकारलें. म्हणजे आपल्याच शहरांतला एखादा मुलगा जन्मभर निर्बंधांतच वाढलेला असतो. तो खेळांत शिरतो तो ते विसरण्यासाठीं. तेथेंही त्याला 'तूं पुरुष आहेस, म्हणून नाहीं' असें ऐकावें लागणार असेल, तर त्या राजवाड्यांचा आणि ड्रॅगनांचा त्याला उपयोग काय? या प्रश्नांतील वेदना खरी आहे. ज्यांना जगांत कोणीं नाहीं म्हटलेलें नाहीं, त्यांनीं नकाराचें सौंदर्य इतरांना शिकवावें हें शोभत नाहीं, हें आम्ही प्रथमच कबूल करतों.

आतां दुसरा प्रकार पाहूं. त्याच 'इन्क्विझिशन'मध्यें डोरियन नांवाचा एक मांत्रिक आहे. तो टेव्हिंटर देशांतील सरदार घराण्यांतला. बुद्धिमान, विनोदी, आपल्या कपड्यांचा आणि मिशांचा अभिमान बाळगणारा. तो पुरुषांवर प्रेम करतो. घराण्याचा वंश चालावा म्हणून बापानें त्याचें लग्न ठरविलेलें असतें, आणि मुलगा ऐकत नाहीं असें पाहून बाप एका निषिद्ध रक्तविधीनें त्याचा स्वभावच बदलून टाकण्याचा घाट घालतो. मुलगा पळून जातो. पुढें एका खाणावळींत बापलेकांची गांठ पडते, तो प्रसंग या सबंध कलाप्रकारांतील उत्कृष्ट प्रसंगांपैकीं एक आहे असें आम्हांस वाटतें. आतां कल्पना करा कीं, नायिका स्त्री असल्यास हाच डोरियन तिच्यावरही सुखानें प्रेम करूं लागतो. मग बापाच्या अपराधाचें काय राहिलें? मुलगा ज्यासाठीं घर सोडून निघाला तें त्याच्या स्वभावांत नव्हतेंच असें ठरेल, आणि बापाचा विधि विनाकारण होता असें नव्हे, तर किंचित् धीर धरला असता तर त्याची गरजच पडली नसती असा विपरीत अर्थ निघेल. म्हणजे डोरियनचा स्त्रीला असलेला नकार हा त्याच्या पात्राचा कणा आहे. तो काढला कीं पात्र कोसळतें. आणि लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, ज्या तरुणाच्या वतीनें निर्बंध उठवा अशी मागणी होते, त्याच तरुणाचें दुःख येथें निर्बंधामुळेंच शब्दरूप झालें आहे. सर्वांना सारखा उपलब्ध असणारा डोरियन त्याला सुख देऊं शकला असता. त्याची कथा मात्र सांगूं शकला नसता.

याच खेळांत कॅसँड्रा नांवाची एक कडक शिस्तीची लढवय्यी आहे. ती चोरून शृंगारिक कादंबऱ्या वाचते, आणि तिला वश करूं पाहणाऱ्या नायकाकडून कविता, फुलें, मेणबत्त्या अशा अगदीं जुन्या पद्धतीच्या अनुनयाची अपेक्षा करते. स्त्री-नायिकेनें तिच्याशीं प्रेमाचे शब्द बोलावयास आरंभ केला, तर ती बाजूला घेऊन स्पष्ट, परंतु सौजन्यानें सांगते कीं हें शक्य नाहीं. आणि मैत्री तशीच टिकते. प्रेमाच्या मागणीला दिलेला नकार हा वैर न होतां कसा देतां येतो आणि कसा घेतां येतो, याचा असा नमुना मोठमोठ्या कादंबऱ्यांतही विरळा.

तिसऱ्या प्रकारांत नकार स्वभावाचा नसून परिस्थितीचा असतो, आणि शोकरसाला खरा वाव येथेंच आहे. 'ओरिजिन्स'मधील अ‍ॅलिस्टर हा राजा मॅरिकचा अनौरस पुत्र. नायिकेवर त्याचें प्रेम जडतें. पण कथेच्या उत्तरार्धांत त्याला सिंहासनावर बसविण्याची वेळ आली म्हणजे प्रश्न उभा राहतो कीं, राणी कोण? नायिका मानव सरदाराची कन्या म्हणून घडविलेली असेल तरच ती त्याची राणी होऊं शकते. ती एल्फ असेल, ड्वार्फ असेल, किंवा मांत्रिक असेल, तर राज्याला वारस हवा व प्रजेला राणी पटली पाहिजे, या कारणास्तव तो एरवीं तिचा हात सोडतो; त्याच्या स्वभावांत पूर्वींच कांहीं कठोरपणा आणलेला असेल तर तिला राणीपद न देतां जवळ ठेवण्यास तयार होतो, एवढाच फरक. ही वंशभेदाचीच अट आहे, आणि अन्यायाचीही आहे. परंतु हा अन्याय खेळकर्त्यांचा नसून त्या राज्याचा आहे. कलन आणि अ‍ॅलिस्टर यांच्या निर्बंधांतील भेद तो हाच. एकांत पात्राच्या तोंडीं कारण नाहीं. दुसऱ्यांत कारण आहे, तें जाचक आहे, आणि तें जाचक आहे हें पात्रालाही कळतें. शिवाय अ‍ॅलिस्टरला राजा करावें कीं करूं नये, हा निर्णय खेळणाऱ्याच्याच हातीं असल्यानें आपल्या प्रेमाची किंमत त्याला स्वतःच ठरवावी लागते. राज्याचें हित आणि स्वतःचें सुख यांतील असा पेंच प्रेक्षक म्हणून बसणाऱ्याला नाटकांत नुसता पाहावा लागतो. येथें तो सोडवावा लागतो.

सोलास नांवाच्या एल्फ मांत्रिकाची गोष्टही अशीच. तो केवळ एल्फ स्त्रीवरच प्रेम करतो. एल्फांच्या ज्या शाखेंत नायिका वाढलेली असते तेथें देवतांच्या नांवानें चेहऱ्यावर गोंदण करण्याची चाल असून तें अभिमानाचें चिन्ह समजलें जातें. प्रणयाच्या ऐन भरांत सोलास तिला सांगतो कीं, प्राचीन काळीं हें गोंदण गुलामांच्या तोंडावर मालकाची खूण म्हणून काढीत असत. तिची इच्छा असल्यास तो तें पुसून देण्यासही तयार होतो, आणि त्याच भेटींत प्रेमसंबंध तोडून टाकतो. पुढें २०१५ सालच्या 'ट्रेसपासर' या पुरवणी भागांत तो स्वतःच त्या प्राचीन काळचा पुरुष होता हें उघड होतें, तेव्हां मागील प्रत्येक शब्दाला दुसरा अर्थ येतो. जिच्या चेहऱ्यावर तें गोंदणच नाहीं अशा मानव स्त्रीला हा प्रसंग कसा भोगतां आला असता? येथें वंशाची अट काढून टाकणें म्हणजे प्रसंग काढून टाकणें होय.

आमच्या साहित्यशास्त्राला हा विचार नवीन नाहीं. चौदाव्या शतकांतील विश्वनाथानें 'साहित्यदर्पणा'मध्यें शृंगाराचा आभास केव्हां होतो याची यादी दिली आहे. गुरुपत्नीविषयींचें प्रेम, अनेक नायकांविषयीं एकाच वेळीं असणारें प्रेम, दोघांपैकीं एकाच्याच मनांत असलेलें प्रेम, असे प्रकार त्यांत येतात. या यादींतील सामाजिक विधिनिषेध आज जसेच्या तसे कोणी पत्करणार नाहीं, व पत्करूंही नयेत. परंतु दोघांपैकीं एकाच्याच ठायीं असलेली रति हा रसाचा केवळ आभास, ही त्याची कल्पना आजच्या वादावर लख्ख प्रकाश पाडते. ज्या सोबत्याला नाहीं म्हणण्याची शक्तीच दिलेली नाहीं, त्याच्या होकाराला रति कसें म्हणावयाचें? तेथें प्रेम खेळणाऱ्याच्या एकट्याच्या मनांत असतें. समोर असतो तो केवळ आरसा.

याचें ठळक उदाहरण म्हणून 'स्कायरिम' (२०११) या अमेरिकन खेळाकडे बोट दाखवितां येईल. त्यांत मारा देवतेचा ताईत गळ्यांत घालून फिरावें. विवाहयोग्य म्हणून नेमून दिलेल्या पुष्कळ स्त्रीपुरुषांपैकीं ज्याचें कांहीं काम आपण केलें असेल तो लगेच लग्नाला तयार होतो. लिंगभेद नाहीं, वंशभेद नाहीं. या औदार्याचें आम्हीही स्वागत केलें असतें. परंतु लग्नानंतर तो जोडीदार दुकान चालवून रोज शंभर मोहरांचा नफा हातीं देतो, दिवसांतून एकदां स्वयंपाक करून वाढतो, आणि तीच तीं ठराविक वाक्यें बोलतो. या संसारांत समता आहे, पण दुसरें माणूस नाहीं. त्याच खेळाच्या २०१२ सालच्या पुरवणींत सेराना नांवाची एक रक्तपिपासू कुळांतली सोबतीण आली. तिच्या आईबापांच्या हाडवैराची आणि तिच्यावर गुदरलेल्या भयंकर दीक्षाविधीची हकीकत ऐकल्यावर, गळ्यांतला ताईत पाहून ती लग्नाला साफ नकार देते याचें आश्चर्य वाटत नाहीं. आणि काय चमत्कार! लग्नाला तयार असलेल्या त्या सर्वांना सोडून असंख्य खेळणाऱ्यांचें मन जडलें तें हिच्यावरच. इतकें कीं, खेळाच्या यंत्रणेंत बदल करून तिला लग्नास राजी करणाऱ्या जोडण्या हौशी मंडळींनीं स्वतः तयार केल्या.

या जोडण्यांविषयीं दोन शब्द लिहिणें अवश्य आहे. निर्बंध उठविणाऱ्या अशा जोडण्या इतर खेळांसाठींही झाल्या आहेत, आणि त्यांवरून लेखकाचा अधिकार मोठा कीं वाचकाचा, असा वाद होतो. हाही वाद जुनाच. शेक्सपिअरच्या 'किंग लियर'मधील कॉर्डेलियाचा मृत्यु सहन न होऊन नेहम टेट यानें १६८१ सालीं त्या नाटकाची नवी रंगावृत्ति केली. तींत कॉर्डेलिया जिवंत राहते, इतकेंच नव्हे, तर मूळ नाटकांत जिच्याशीं तिचा प्रणयसंबंध कोठेंच नाहीं अशा एडगरशीं तिचें प्रेम जमवून लग्नही लावून दिलें आहे. १८३८ सालीं मॅक्रेडीनें मूळ संहिता बऱ्याच अंशीं परत रंगभूमीवर आणीपर्यंत इंग्लंडांतील प्रेक्षक दीडशें वर्षें याच सुखी शेवटावर संतुष्ट होते. टेटला कोणीं तुरुंगांत घातलें नाहीं, आणि घालावयासही नको होतें. आपल्या घरीं, आपल्या संगणकावर कोणी सेरानाशीं लग्न लावीत असेल तर त्यांत दुसऱ्याचें कांहीं बिघडत नाहीं. पण तें लग्न सेरानाशीं झालें असें मात्र म्हणतां येणार नाहीं. जिच्यावर मन गेलें ती नाहीं म्हणणारी होती.

मोकळीकीच्या पक्षानें येथें 'बाल्डर्स गेट'च्या तिसऱ्या भागाचें नांव घ्यावें, आणि तें घेण्यास त्याला पूर्ण अधिकार आहे. या खेळांतील सोबती नायकाचें लिंग किंवा वंश पाहत नाहींत, तरी ते आरसे झालेले नाहींत. कां झाले नाहींत? कारण निर्बंध नाहींसे झाले नसून ते दुसऱ्या, अधिक खोल जागीं नेऊन बसविले आहेत. कार्लाकच्या छातींत हृदयाच्या ठिकाणीं नरकांतलें धगधगतें यंत्र बसविलेलें आहे. तिचें प्रेम कोणावरही बसूं शकतें, परंतु तिला स्पर्श करणारा भाजून निघेल. कुशल लोहाराकडून तें यंत्र दोनदां दुरुस्त होईपर्यंत दोन प्रेमिकांनीं केवळ एकमेकांसमोर उभें राहावयाचें. विप्रलंभ शृंगाराला इतकें साधें आणि इतकें समर्पक निमित्त क्वचितच सुचलें असेल. अ‍ॅस्टेरियन हा दोनशें वर्षें एका क्रूर धन्याच्या दास्यांत, भक्ष्य मोहून आणण्याच्या कामीं राबलेला. तो नायकाशीं सलगी करतो ती संरक्षण मिळावें या हेतूनें, आणि पुढें तसें कबूलही करतो. तेव्हां ज्याला आजवर आपला देह कधींच आपला म्हणतां आला नाहीं त्याच्याशीं शरीरसुखाची घाई न करतां केवळ मित्र म्हणून राहावें काय, असा प्रश्न खेळणाऱ्यापुढें येतो. आणि जहीरा! २००० सालच्या खेळांत पति खालिदच्या निधनानंतर, शोकाशीं झगडत नायकाकडे वळूं शकणारी ती विधवा या तिसऱ्या भागांत वृद्ध होऊन परत येते. तिच्या घरीं सांभाळलेलीं मुलें आहेत, पाठीशीं शतकाहून अधिक काळाचा अनुभव आहे, आणि प्रणयाचा मार्ग मात्र तिच्याकडे जात नाहीं. एकाच पात्राला एका वयांत होकार आणि दुसऱ्या वयांत नकार शोभतो, हें औचित्य खेळकर्त्यांनीं ओळखलें.

तेव्हां निर्बंध असावा कीं नसावा, हा प्रश्नच अपुरा आहे. खरा प्रश्न हा कीं, सोबत्याला स्वतःचें मन आहे किंवा नाहीं. या दृष्टीनें पाहतां सर्वांत मोठा दोष ज्या गोष्टींत आहे तिच्याकडे दोन्ही तटांचें पुरेसें लक्ष गेलेलें नाहीं. तो म्हणजे मर्जीचा हिशेब. 'ओरिजिन्स'मध्यें सोबत्याची मर्जी उणे शंभरापासून अधिक शंभरापर्यंत आंकड्यांनीं मोजली जाते, आणि आवडीच्या भेटवस्तू देत गेलें कीं ती वाढते. वाटेंत सांपडलेला दागिना द्यावा, आंकडा वर जातो. दुसरा द्यावा, आणखी वर. चुकीच्या शब्दानें दुखावलेलें मन पैंजणांच्या जोडानें भरून येत असेल, तर मग निर्बंध लिंगाचा असो, वंशाचा असो कीं मुळींच नसो, बाजार तो बाजारच. सर्वांना खुलें असलेलें प्रेम आणि अमक्यालाच विकलें जाणारें प्रेम, यांत निवड करावयास सांगणें ही फसवणूक आहे.

आमच्या मतें या कलाप्रकाराचें सामर्थ्य ज्यांत उत्तम दिसतें असें पात्र म्हणजे 'ड्रॅगन एज'च्या दुसऱ्या भागांतील अ‍ॅव्हलीन. कथेच्या आरंभींच तिचा पति वेस्ली मरतो. पुढें ती नगररक्षकांची नायक होते. खेळणारा तिच्याशीं प्रेमाचें बोलूं पाहील, तर ती तें मनावर घेत नाहीं. आणि कांहीं काळानें कळतें कीं तिचें मन आपल्याच हाताखालच्या डॉनिक नांवाच्या रक्षकावर बसलें आहे. तरवार चालविण्यांत वाकबगार असलेल्या या बाईला प्रेम व्यक्त करण्याची मात्र कला साधत नाहीं. ती त्याला तांब्याच्या पत्र्यावर उठविलेलीं झेंडूचीं फुलें भेट पाठविते, आणि बिचाऱ्याला त्याचा अर्थच उमगत नाहीं. शेवटीं तिची मध्यस्थी करावयाची ती नायकानें. म्हणजे कदाचित् ज्याला तिनें अप्रत्यक्षपणें नाकारलें त्यानेंच. या प्रसंगांतील विनोद आमच्या देवलांनाही रुचला असता. परंतु विनोदाच्या आड एक गंभीर गोष्ट घडते. खेळणाऱ्याला कळतें कीं, या जगांत आपल्याभोंवतीं फिरणाऱ्या माणसांचीं आयुष्यें आपल्यासाठीं रचलेलीं नाहींत. त्यांचीं प्रेमें आपल्याला सोडूनही होतात, आणि त्यांत आपल्याला वाटा मिळूं शकतो तो मित्र म्हणून. या कलेंत सर्व जग खेळणाऱ्याच्या नायकाभोंवतीं फिरत असतें. त्या जगांत असा एक क्षण निर्माण करणें ही सामान्य सिद्धि नव्हे.

कचानें देवयानीला नकार दिला नसता, तर ययातीची कथा जन्मालाच आली नसती. तो नकारही वरून लादलेला नाहीं. शुक्राचार्यांच्या पोटांतून पुनर्जन्म घेतलेला कच गुरुकन्येला बहीण मानतो, म्हणजे ज्या संजीवनीनें तिनें त्याला वांचविलें तीच त्या दोघांच्या आड येते. खाडिलकरांनीं 'विद्याहरण' (१९१३) लिहितांना याच कथेंत नाट्य पाहिलें तें उगीच नव्हे. खेळकर्त्यांनीं निर्बंध घालावयाचा तर असा घालावा कीं तो काढला असतां कथा मोडेल. आणि उठवावयाचा तर असा उठवावा कीं त्या जागीं सोबत्याचें स्वतःचें मन उभें राहील. या कसोटीला डोरियन, सोलास, अ‍ॅलिस्टर उतरतात, आणि कार्लाक, अ‍ॅस्टेरियनही उतरतात. अनोमेनची ती एकाकी उमेदवारी, कलनची वंशाची अट, आणि शंभर मोहरांचा संसार हीं तिन्ही उतरत नाहींत.

या खेळांपैकीं बहुतेक प्रौढांसाठीं म्हणूनच विकले जातात, आणि पालकांनीं तें ध्यानांत ठेवावें. पण महाविद्यालयांत जाणारीं आपलीं मुलें ते खेळतातच, आणि आपल्या घरांतून प्रेमाविषयीं मोकळेपणानें बोलण्याची चाल अद्यापि फारशी पडलेली नाहीं. अशा स्थितींत होकार मागावयाचा कसा, नकार ऐकावयाचा कसा, याचे पहिले धडे कित्येकांना याच पडद्यापुढें मिळत असतील. म्हणून आईबापांना आमचें सांगणें इतकेंच कीं, रात्रीं किती तास खेळलास, एवढेंच विचारून थांबूं नये. त्या सोबत्यांपैकीं कोणीं तुला नाहीं म्हटलें, आणि कां म्हटलें, हेंही एकदां विचारून पाहावें. आणि उत्तर येईपर्यंत जरा धीरानें बसावें.